लालबागची खोली, भिवंडीचं गोदाम: एका कुटुंबाच्या घर-नोकरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२५ या काळातलं आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही खुणा बदलल्या आहेत.

लालबागच्या जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर १८० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक. भाडं १४,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००. खोली पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या भाडेहक्काची. मूळ भाडेकरू काका लेकाकडे बोरिवलीला राहायला गेले आणि त्यांनी ती या कुटुंबाला लिव्ह अँड लायसन्सवर दिली. पहिल्या वर्षी ११ महिन्यांचा करार रीतसर नोंदवला. पुढे दोन्ही बाजूंनी ‘आपल्यात काय एवढं’ म्हणत तोंडीच चालवलं. करारात डिपॉझिट २५,००० लिहिलेलं होतं, उरलेले ३५,००० रोख दिलेले.

घरात तिघं. तो ३७ वर्षांचा, बी. कॉम., लोअर परळच्या गाळ्यात औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे सहा वर्षं स्टोअर आणि बिलिंग सांभाळणारा. हातात २३,८०० येत. ती ३४ वर्षांची, बारावी कॉमर्स, परळच्या एका तपासणी केंद्रात नमुन्यांची नोंदणी आणि रिसेप्शन, हातात १५,५००. मुलगी तिसरीत, शाळा चाळीपासून पाच मिनिटांवर. तिघांचंही आयुष्य दोन किलोमीटरच्या आत होतं, आणि त्या खोलीची खरी किंमत तीच होती.

अडचण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. चाळ पुनर्विकासाला चालली होती आणि मेअखेर खोली रिकामी करायची होती. काकांना बिल्डरकडून पर्यायी जागेचं भाडं मिळणार होतं आणि पुढे नवं घरही. या कुटुंबाला काही नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणाऱ्याला फक्त वापराची मुभा असते, पागडीवाल्यासारखा हक्क नसतो. तीन वर्षं राहिल्याने काहीतरी मिळेल या आशेवर त्यांनी पहिले दहा दिवस घालवले. चाळीतल्या कुणीतरी ‘खोली सोडूच नका’ असा सल्लाही दिला होता. तो ऐकला नाही हे बरंच झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई मागता येते.

दुसरी अडचण जुनी होती. पगार वाढत नव्हता. आठ महिन्यांत त्याने मोबाइलवरून साठेक अर्ज केले होते, बहुतेक ‘अकाउंट्स असिस्टंट’ या पदासाठी आणि सगळे दादर ते अंधेरी पट्ट्यातले. चार बोलावणी आली, नोकरी एकही नाही.

घरात याची दोन वेगळी दुखणी झाली होती. घर शोधणं हे तिचं काम, नोकरी शोधणं हे त्याचं. दोघं वेगवेगळ्या दिशांना शोधत होते आणि प्रकरण तिथेच अडकलं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जवळच राहण्याचा. काळाचौकी-शिवडी भागात तशीच खोली १७,००० भाडं आणि एक लाख डिपॉझिटला मिळत होती. महिना ३,००० जास्त, पण शाळा आणि दोन्ही नोकऱ्या शाबूत.

दुसरा बदलापूर. वन बीएचके ६,५०० रुपयांत. ऐकताना अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. पण सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. दारापासून दारापर्यंत एका बाजूला दोन तास, म्हणजे दोघांचे मिळून रोज आठ तास. दोन पास आणि रिक्षा धरून ३,०००, मुलीला शाळेनंतर संध्याकाळपर्यंत सांभाळायला ४,०००. एकूण १३,५००. लालबागला भाडं आणि किरकोळ प्रवास धरून १४,२०० जात होते. महिन्याला ७०० रुपये वाचवण्यासाठी रोजचे आठ तास.

तिसरा, कर्ज काढून घर घेणं. २८ लाखांच्या घराला बँक ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २५.२ लाख देऊ शकते. ९ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता साधारण २२,७०० होतो. उत्पन्न ३९,३००. शिवाय स्वतःचे २.८ लाख, वर मुद्रांक शुल्क, २८,००० नोंदणी फी, दलाली. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते खिशातूनच जातात. गाठीला होते २ लाख १० हजार.

पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातली व्याज सवलत (पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, पाच हप्त्यांत जास्तीत जास्त १.८० लाख) त्यांनी हिशेबात धरली होती. तिची अट अशी की कुटुंबाच्या नावे भारतात कुठेही पक्कं घर नको. संगमेश्वर तालुक्यातलं घर वडिलांच्या पश्चात आई आणि दोघा भावांच्या नावावर लागलेलं, ग्रामपंचायतीच्या घरपट्टी उताऱ्यावर त्याचं नाव स्पष्ट. ‘ते तर गावचं, त्यात माझं काय?’ असं मनात येणं साहजिक आहे, पण स्वयंघोषणापत्रावर सही करताना ते घर लपवता येत नाही. ही मदत हिशेबातून वजा झाली.

चौथा पर्याय म्हाडा. वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत, म्हणून अत्यल्प गट. मुंबई मंडळाच्या २०२४च्या सोडतीत घरं २,०३० होती आणि अर्ज एक लाखाहून जास्त. अर्ज करत राहावा, पण मेअखेर कुठे झोपायचं याचं उत्तर म्हणून सोडतीकडे पाहता येत नाही. शिवाय मुंबईतल्या अत्यल्प गटाच्या घरालाही इतकं कर्ज लागतं की या उत्पन्नावर ते मिळेलच असं नाही.

पहिली चूक: टोकन

फेब्रुवारीच्या शेवटी टिटवाळ्याच्या बाजूला १९ लाखांत वन बीएचके दाखवणारा एजंट भेटला. ‘दस्त होतो, लाइट बिल नावावर होतं, अजून काय पाहिजे?’ त्याच्या वैयक्तिक नंबरवर ११,००० टोकन म्हणून गेले.

दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला म्हणजे इमारत कायदेशीर आहे असं होत नाही. नोंदणी व्यवहाराची असते, बांधकामाची नव्हे. बांधकाम सुरू करायला पालिकेचं प्रारंभ प्रमाणपत्र आणि त्यात राहायला भोगवटा प्रमाणपत्र लागतं. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्रमांक कागदावर असून भागत नाही, संकेतस्थळावर तो प्रकल्प उघडून बघावा लागतो. आणि तेवढ्यावरही थांबू नये. कल्याण-डोंबिवलीत पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती उघडकीस आल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथल्या रहिवाशांकडेही दस्त होते, कर्जं होती, हप्ते चालू होते. म्हणून परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारणं हाच भरवशाचा मार्ग.

इथे भोगवटा प्रमाणपत्र नव्हतंच. व्यवहार सोडला. एजंटने ५,००० परत केले आणि फोन उचलणं बंद केलं. सहा हजार गेले.

नोकरीचा शोध कसा बदलला

मार्चमध्ये तिने विचारलेल्या एका प्रश्नाने दिशा बदलली. “अहो, तुमचा माल येतो कुठून?”

माल भिवंडीहून येत होता. मुंबईतल्या गाळ्यांत पूर्वी जो साठा राहायचा तो बराचसा भिवंडी तालुक्यात गेला आहे: माणकोली, वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेर, सोनाळे. माल ठेवणारी जागा गेली की तो मोजणारी, लिहिणारी माणसं लागतात तीही तिकडेच. ज्या कामात त्याची सहा वर्षं मुरली होती त्याची मागणी भिवंडीत होती आणि तो अर्ज करत होता अंधेरीला, तेही ज्या कामाचा त्याला जेमतेम अनुभव होता त्यासाठी.

बायोडेटा नव्याने लिहिला. जुन्यात ‘ऑफिस वर्क, कॉम्प्युटर नॉलेज, मेहनती स्वभाव’ असं होतं. नव्यात आकडे आले: १,४०० प्रकारच्या औषधांचा साठा, महिन्याला सुमारे ९०० बिलं, टॅलीवर जीएसटी बिलिंग, ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना लागणारं ऑनलाइन बिल), बॅच नंबरप्रमाणे नोंद, आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर काढण्याची शिस्त, एक्सपायरी परतीचा हिशेब, दर महिन्याची प्रत्यक्ष मोजणी. ई-वे बिलाची मर्यादा परराज्यात ५०,००० आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख, हे त्याला पाठ होतं. पण ते सांगण्यासारखं कौशल्य आहे हे त्याला कधी वाटलंच नव्हतं.

अर्ज मोबाइलवरून कमी, माणसांतून जास्त. गाळ्यावर रोज येणारे टेम्पोवाले दिवसाला चार गोदामांचे दरवाजे बघतात. कुठे डिस्पॅचचा माणूस सोडून गेला, कुठे गाड्या तासन्तास खोळंबतात, हे त्यांना कुठल्याही ॲपच्या आधी कळतं. दोन टेम्पोवाल्यांनी मिळून पाच ठिकाणं सांगितली. त्याने तीन शनिवार रजा टाकून स्वतः जाऊन बायोडेटा दिले. नोकरी लावण्यासाठी नोंदणी फी मागणारे दोघं भेटले. त्यांना एक रुपयाही दिला नाही, टोकनचा धडा ताजा होता.

एप्रिलच्या सुरुवातीला पहिली ऑफर आली, महिना २७,०००. घरात आनंद झाला. पण हा आकडा सीटीसीचा, म्हणजे एका माणसामागे कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चाचा होता. फोड केली तेव्हा ग्रॉस २४,०००, मालकाचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद ७२०, विमा ४८०. ग्रॉसमधून स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २२,०००, म्हणजे आत्तापेक्षा १,८०० कमी. वर कंपनीच्या पे-रोलवर नव्हे, ठेकेदाराच्या. नकार देणं सोपं नव्हतं, खोली सोडायला आठ आठवडे उरले होते.

नकार देता आला तो आधी ठरवलेल्या तारखेमुळे. दोघांनी ३० एप्रिल ही सीमा धरली होती. तोवर हातात २७,००० देणारी नोकरी मिळाली नाही तर काळाचौकीची १७,००० ची खोली ११ महिन्यांसाठी घ्यायची आणि शोध चालू ठेवायचा. पडायला जागा आहे हे माहीत असलं की वाईट ऑफर नाकारता येते.

दुसरी मुलाखत माणकोलीच्या एका औषध गोदामात झाली. मॅनेजरने स्टॉक शीट पुढे सरकवली: सिस्टिममध्ये ३१२ बॉक्स, रॅकवर २८८. “काय कराल?” त्याने आधी विचारलं, शिपर (बॉक्सांची मोठी पेटी) कितीचा? चोवीसचा. मग तो म्हणाला, फरक बरोब्बर एका शिपरचा आहे, म्हणजे सुटे बॉक्स गायब झालेले नाहीत. याच औषधाच्या दुसऱ्या पॉवरच्या ऑर्डरमध्ये एक पेटी चुकून गेली असणार. तेव्हा शेवटच्या आठवड्यातल्या एलआर (मालवाहतुकीच्या पावत्या) काढायच्या, दुसऱ्या पॉवरचा साठा मोजायचा (तिथे २४ जास्त सापडतील) आणि परतीच्या मालाची रॅक बघायची. हे उत्तर पुस्तकातून येत नाही. २५ एप्रिलला ऑफर आली. सीटीसी ३४,५००, ग्रॉस ३१,०००, हातात २९,०००, कंपनीच्या पे-रोलवर.

घर ठरवणं

नोकरी माणकोलीला ठरली आणि नकाशा बदलला. तिची नोकरी परळला, त्याची माणकोलीला. दोन्ही जमतील अशी जागा म्हणजे डोंबिवली पश्चिम. २०२४ मध्ये मोठागाव-माणकोली पूल वाहतुकीला खुला झाल्यापासून डोंबिवली पश्चिमेहून खाडी ओलांडून माणकोलीला थेट जाता येतं. पूर्वी कल्याण किंवा ठाण्याकडून वळसा पडायचा. स्कूटरवर वीसेक मिनिटं. तिला परळसाठी लोकल.

ऑफर लेटर हातात येईपर्यंत कुठल्याही घराला टोकन द्यायचं नाही, हा नियम पाळला. मेच्या पहिल्या आठवड्यात चार घरं पाहिली. त्यातली दोन दुपारी तीनला मुद्दाम पुन्हा पाहिली, नळाला पाणी किती वेळ येतं आणि टाकी कधी भरते ते शेजाऱ्यांना विचारण्यासाठी. एक घर तिथेच बाद झालं. ठरलं ते तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं वन बीएचके: भाडं ९,५००, डिपॉझिट ४०,०००.

करार ११ ऐवजी २४ महिन्यांचा मागितला, दुसऱ्या वर्षी भाडं १०,०००. मालक तयार झाले, कारण त्यांचीही दर वर्षीची दलाली वाचत होती. एजंटने करारासाठी ४,५०० सांगितले. सरकारी खर्च किती तो असा काढला: दोन वर्षांचं भाडं २,३४,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ८,०००, एकूण २,४२,०००. त्यावर ०.२५ टक्के म्हणजे ६०५ रुपये मुद्रांक आणि पालिका हद्दीत १,००० नोंदणी फी. बाकी एजंटची मजुरी. हे मांडल्यावर तो ३,००० वर आला. सोसायटीचा मेंटेनन्स आणि भाडेकरू ठेवल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क मालकाने भरायचं, हे करारात लिहून घेतलं. डिपॉझिटचे पूर्ण ४०,००० बँकेतून दिले आणि करारात तेवढेच लिहिले.

लालबागचं जुनं डिपॉझिट हा मात्र घोर होता. ६०,००० पैकी ३५,००० चा पुरावा काय? काकांचा जुना व्हॉट्सॲप निरोप सापडला: ‘६० मिळाले’. भांडणाऐवजी त्यांनी एप्रिल आणि मेचं भाडं, २८,०००, डिपॉझिटमध्ये वळतं करण्याची विनंती त्याच व्हॉट्सॲपवर केली. काकांनाही एकदम रक्कम उभी करायची नव्हती, ते ‘चालेल’ म्हणाले. उरलेले ३२,००० किल्ली देताना मिळाले. आधी किल्ली देऊन नंतर पैशांसाठी बोरिवलीला खेपा घालण्याची वेळ आली नाही.

परिणाम

१ जूनला तो रुजू झाला, त्याआधी २५ मेला सामान हललं. शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलमध्येच मागून ठेवला होता, त्यामुळे जूनमध्ये चौथीचा प्रवेश अडला नाही.

महिन्याचा हिशेब बघण्यासारखा आहे. आता भाडं ९,५००, पेट्रोल १,५००, तिचा पास आणि रिक्षा १,३००, दुपारचं पाळणाघर २,५००. एकूण १४,८००. लालबागला १४,२०० होत होते. म्हणजे नुसतं घर हलवून एक पैसाही वाचला नसता, उलट ६०० वाढले असते. फरक पडला तो पगारातल्या ५,२०० मुळे. सगळं जाऊन हातात महिना ४,६०० जास्त उरतात, आणि स्वतःचा संडास, वेगळं स्वयंपाकघर, मुलीला अभ्यासाला कोपरा.

एकदाच लागलेला खर्च १,०४,००० झाला: डिपॉझिट ४०,०००, जुनी स्कूटर ३८,०००, दलाली ९,५००, टेम्पो-हमाल ७,५००, शाळा ६,०००, करार ३,०००. डिपॉझिट परत येणार म्हणून ते सोडलं तर ६४,००० भरून यायला जवळजवळ चौदा महिने लागतील.

एक रक्कम अनपेक्षित आली. जुना मालक ‘आपल्याकडे ग्रॅच्युइटी नाही’ म्हणाला होता. दहा किंवा जास्त कामगार असतील तर कायदा लागू होतो, आणि पाच वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा दिला तरी ती मिळते. बेसिक १३,०००, त्याचे १५/२६ म्हणजे ७,५००, गुणिले सहा वर्षं: ४५,०००. त्याने लेखी अर्ज दिला, पोचपावती घेतली. ऑगस्टअखेर पैसे आले. पीएफ मात्र सप्टेंबरपर्यंत अडकला, कारण जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की ती तारीख कर्मचाऱ्याला पोर्टलवर स्वतः भरता येते. तशी भरल्यावर खातं वर्ग झालं.

पावसाळा जड गेला. माणकोली नाक्यावर ट्रकच्या रांगा लागल्या की वीस मिनिटांचा रस्ता तासाचा होतो. महिनाअखेरच्या मोजणीला रात्रीचे दहा वाजतात.

काय वेगळं करता आलं असतं

करार दरवर्षी नोंदवायला हवा होता. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा ही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ची जबाबदारी घरमालकाची असली, तरी तो नसल्याचा चटका राहणाऱ्यालाच बसतो. पूर्ण डिपॉझिट कागदावर असतं तर त्या निरोपाच्या शोधात रात्री गेल्या नसत्या.

पहिले दहा दिवस आणि टोकनचे सहा हजार वाचले असते. घाबरलेला माणूस स्वस्त घराच्या जाहिरातीला पटकन भुलतो. आणि हे एजंट अशाच माणसाची वाट बघत असतात.

सगळ्यात मोठी उणीव तिच्या बाबतीत राहिली. त्याची नोकरी, त्याचा प्रवास, त्याचा पगार यांचा हिशेब बारकाईने झाला. तिची परळची नोकरी ‘आहे तशी राहील’ म्हणून गृहीत धरली. पूर्वी पंधरा मिनिटं चालत जाणारी ती आता सकाळी सव्वासहाच्या सुमाराची लोकल पकडते, दाराच्या दांड्याला धरून ठाण्यापर्यंत उभी असते आणि संध्याकाळी सहाला घरात येते. रोजचे जवळजवळ तीन तास तिच्या खात्यातून गेले आणि ते वरच्या कुठल्याच बेरजेत दिसत नाहीत. पाळणाघराचे २,५०० सुद्धा जूनच्या पहिल्या सोमवारी लक्षात आले. मार्चमध्ये त्याचा बायोडेटा लिहिला त्याच रात्री तिचाही लिहायला हवा होता: दिवसाला दीडशे नमुन्यांची नोंद, बारकोड लावणं, चुकीच्या नळीतला नमुना परत पाठवणं, चिडलेल्या रुग्णाला सांभाळणं. डोंबिवली-कल्याण-ठाण्यात रुग्णालयं आणि तपासणी केंद्रं भरपूर आहेत.

तो बायोडेटा सप्टेंबरमध्ये लिहिला गेला. डोंबिवलीतल्या एका केंद्राने १४,००० सांगितले. पास, रिक्षा आणि पाळणाघराचा अर्धा खर्च वजा केला तर हे परळच्या १५,५०० पेक्षा जास्तच पडतात, पण पीएफ नाही म्हणून तिने होकार दिलेला नाही. ठाण्याच्या रुग्णालयातली दुसरी मुलाखत दिवाळीनंतर आहे. तिथे १७,००० आणि पीएफ आहे, पण महिन्यातून आठ दिवस दुपारची पाळी आहे. त्या आठ दिवशी मुलीला संध्याकाळी कोण बघेल, हे ठरल्याशिवाय होकार द्यायचा नाही, असं दोघांनी ठरवलं आहे.